नाव बाळाचे, मत सगळ्यांचे



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर एक तरुण जोडपे बाप्तिस्म्याचा अर्ज घेऊन आमच्याकडे आले. सोबत दोन महिन्यांचा मुलगा आणि त्याची आजी. अर्ज व्यवस्थित भरलेला होता. जन्मतारीख, आईवडिलांची नावे, धर्मपिता, धर्ममाता, सगळे जागच्या जागी. बाळाच्या नावापाशी मात्र आम्ही अडखळलो. ते नाव येथे छापत नाही. आपले गाव लहान आहे, घर लगेच ओळखले जाईल. एवढेच सांगतो की सध्या चालतात त्यांपैकीच ते एक, शेवटी 'आंश' असलेले.

"अर्थ काय रे याचा?" आम्ही विचारले. आईने मोबाइलवर पाहिलेला अर्थ सांगितला. वडिलांनी दुसरीकडे वाचलेला दुसराच सांगितला. अंश म्हणजे भाग हे आम्हांला कळत होते. कशाचा भाग, याचा पत्ता त्या नावाच्या पहिल्या अर्ध्यातून काही लागत नव्हता. आजी इतका वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मले तं हे नाव घेताच येत नाई, फादर."

खोलीत शांतता पसरली. सून खाली बघू लागली, मुलगा भिंतीकडे. आम्ही "पुढच्या आठवड्यात बोलू" म्हणून अर्ज ठेवून घेतला.

अशा नावांबद्दल मत नाही असा माणूस आपल्या धर्मग्रामात शोधूनही सापडायचा नाही. कोणी म्हणतो, हे ख्रिस्ती नाव वाटत नाही. कोणी म्हणतो, ही सिनेमावाल्यांची नक्कल. एका आजोबांचे म्हणणे, आमच्या वेळी एका हाकेत पोरगा नदीवरून परत यायचा, आताच्या नावाने हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाही. तरुण मंडळी म्हणतात, मूल आमचे, नाव आम्ही ठरवू, इतरांनी यात पडू नये. आम्हांला हे दोन्ही पक्ष परिचयाचे वाटतात, कारण लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात हा वाद आहे. जखऱ्या आणि अलीशिबा यांच्या बाळाच्या सुंतेसाठी शेजारीपाजारी, नातेवाईक जमतात आणि आईला न विचारताच बाळाला बापाचे नाव देऊ लागतात. अलीशिबा नाही म्हणते, याचे नाव योहान. तुमच्या नात्यात या नावाचा कोणी नाही, अशी हरकत येते. बाईचे ऐकायचे नाही म्हणून मुक्या बापाला खुणांनी विचारतात, आणि तो पाटी मागवून तेच नाव लिहितो. २४ जूनला आपण हा जन्मोत्सव साजरा करतो, पण त्या पाटीमागे एक घरगुती भांडण आहे हे आपल्या लक्षात राहत नाही.

आजीची बाजू घेऊन ते नाव बदलायला लावावे, असा मोह आम्हांला त्या दिवशी झाला हे कबूल करतो. तसे आम्ही केले नाही, त्याला कारण आहे. आम्ही पूर्वी एकदा तसे केलेले आहे.

धर्मगुरू होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका धर्मग्रामात एक शेतमजूर जोडपे मुलाला बाप्तिस्म्यासाठी घेऊन आले. त्यांनी सांगितलेले नाव आम्हांला फार नवे, फार पोकळ वाटले. "संताचे नाव हवे," असे आम्ही ठणकावले आणि जून महिना होता म्हणून संत अंतोनीची आठवण ठेवून नोंदवहीत 'अंतोन' असे लिहून टाकले. ती माणसे गरीब, फादरपुढे बोलणार काय? मुलगा घरी, शाळेत, गावात आईवडिलांनी ठेवलेल्या नावानेच वाढला. काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या प्रवेशासाठी त्याला बाप्तिस्म्याचा दाखला लागला. दाखल्यावरचे नाव त्याचे नव्हते. त्याने आमचा फोन नंबर शोधून काढला आणि अगदी नम्रपणे विचारले, "फादर, हा अंतोन कोण?" त्या पोराला प्रतिज्ञापत्रासाठी तालुक्याच्या फेऱ्या माराव्या लागल्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली. आम्ही क्षमा मागितली. तो "असू द्या फादर" म्हणाला. ते 'असू द्या' अजून कानात आहे.

आमच्या हट्टाला कायद्याचाही आधार नव्हता. लॅटिन ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या धर्मकायद्यात असा नियम होता की आईवडिलांनी ख्रिस्ती नाव दिले नाही तर धर्मगुरूने एखाद्या संताचे नाव जोडावे आणि वहीत दोन्ही नावे लिहावीत. दोन्ही! आम्ही एकच लिहिले होते, म्हणजे जुना नियमही मोडला होता. १९८३ च्या कायद्याने तर ती अटच सैल केली. ख्रिस्ती भावनेला परके वाटेल असे नाव देऊ नये, एवढीच आता अपेक्षा आहे, आणि ही काळजी आईवडील, धर्मपालक आणि धर्मगुरू यांनी घ्यायची आहे.

मग ख्रिस्ती भावनेला परके नाव कोणते? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लो नावाचा मोठा वक्ता आहे. त्याचे नाव ग्रीकांच्या अपोलो देवावरून आले. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात जिची शिफारस केली ती फिबी चंद्रदेवतेच्या उपाधीचे नाव घेऊन मंडळीची सेवा करत होती. आपण कौतुकाने ठेवतो ते मार्टिन हे नाव रोमन युद्धदेव मार्सवरून आलेले आहे. तूरचे संत मार्टिन चौथ्या शतकात ते नाव न बदलता संत झाले, आणि आज ते नाव ऐकून मार्स देव कोणाला आठवत नाही. भिकाऱ्याला अर्धा झगा कापून देणारा शिपाई आठवतो. उलटही घडले आहे. ५३३ साली पोपपदी निवडले गेलेले मर्क्युरियस यांना रोमन देवाचे नाव पेत्राच्या आसनावर योग्य वाटले नाही, म्हणून त्यांनी योहान हे नाव घेतले. पदावर आल्यावर नाव बदलणारे ते पहिले पोप.

आपल्या देशातही पाहा. त्रावणकोरच्या नीलकंठ पिल्ले यांना १७४५ मध्ये बाप्तिस्मा मिळाला तेव्हा लाजर हे नाव देताना ते त्यांच्या भाषेत उतरवून 'देवसहायम' असे दिले गेले. देवाने साहाय्य केले, हाच लाजरचा मूळ अर्थ. २०२२ च्या मे महिन्यात त्यांना संत म्हणून घोषित केले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले (ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतले नव्हते) आणि नारायण वामन टिळकच राहिले. त्यामुळे त्यांची श्रद्धा कोठे उणी पडली असे कोणी म्हणणार नाही. वसई-गोव्याकडे मात्र पोर्तुगिजांच्या काळात बाप्तिस्मा घेणाऱ्यांना धर्मपित्याचे किंवा पाद्रीबाबांचे पोर्तुगीज आडनाव मिळत गेले, आणि आज तीच आडनावे तिथल्या अस्सल मराठी-कोकणी घरांची ओळख बनली आहेत. तेव्हा 'ख्रिस्ती वाटत नाही' हा आक्षेप घेणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे.

नवेपणाचा आक्षेप तर आणखी तकलादू. प्रा. रमेश तेंडुलकर यांनी १९७३ साली जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवले. एका मराठी कवीच्या घरी बंगाली गवयाचे नाव! पुढे त्या मुलाने बॅट हातात घेतली आणि महाराष्ट्रात वर्गावर्गांत सचिन झाले. आज आपल्याकडे सचिन नावाचे मास्तर आहेत, सचिन नावाचे वनरक्षक आहेत, आणि त्यातले काही आपल्या मुलांची नावे 'आंश' लावून ठेवत आहेत. तीस वर्षांनी ही नावेही बापांची वाटतील.

हे सगळे आम्ही मनात जुळवून ठेवले होते. दुसऱ्या भेटीत ते सांगायची गरजच पडली नाही. या वेळी बाळाचा बाप एकटाच आला.

तो म्हणाला, "फादर, मला माहीत आहे आईला काय पाहिजे ते. तिला बाबांचं नाव पाहिजे." बाळाचे आजोबा दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचे नाव आपल्या भागातले, जन्माच्या वारावरून पडलेले. सोमा, मंगरू, बुधू, सुकरू अशी नावे घराघरांत आहेत, त्यांतलेच एक. "आणि तुला ते नको आहे?" आम्ही विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझं स्वतःचं नावही तसंच आहे, फादर. हॉस्टेलमध्ये हजेरी घेताना पोरं हसायची. कुठून आला, कोणत्या जंगलातून आला, नक्षली आहेस का, असं विचारायची. माझ्या पोराला कुणी नावावरून विचारू नये तू कुठला. या नावाला ना जात आहे, ना गाव आहे, ना धर्म आहे. म्हणून ठेवलं."

आम्ही समजत होतो हौस, आणि तिथे होती भीती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना जॉन स्टुअर्ट मिल यांचे एक म्हणणे आम्हांला घोकावे लागले होते. १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात ते म्हणतात की विशेषनामाला स्वतःचा अर्थ नसतो, ती केवळ खूण असते. उदाहरण देतात अलीबाबाच्या गोष्टीचे. दरोडेखोर परत येताना घर सापडावे म्हणून दारावर खडूने खूण करतो. ती खूण घराबद्दल काहीच सांगत नाही, फक्त ते घर वेगळे ओळखू येते. तेव्हा आम्ही हे परीक्षेपुरते पाठ केले. त्या दिवशी गोष्टीचा पुढचा भाग आठवला. घरातली दासी मर्जिना खूण पाहते आणि गल्लीतल्या इतर दारांवरही तशीच खूण करून ठेवते. दरोडेखोर गोंधळून परत जातात, घर वाचते. हा बाप तेच करत होता. शहरातल्या पोरांच्या दारावर जी खूण आहे तीच आपल्या पोराच्या दारावर काढत होता.

त्याची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणू शकलो नाही. एप्रिल २०२४ मध्ये अभिनेते चिन्मय मांडलेकर यांच्या मुलाच्या नावावरून काय गदारोळ झाला ते आपण पाहिले. जहांगीर हे नाव. जे. आर. डी. टाटांच्या आद्याक्षरांतला 'जे' म्हणजे जहांगीर, होमी भाभांचे मधले नाव जहांगीर, मुंबईतली चित्रकारांची गॅलरी जहांगीर. पण पडद्यावर छत्रपती शिवाजी महाराज साकारणाऱ्याने मुलाला हे नाव का दिले, म्हणून लोक त्यांच्या घरच्यांवर असे तुटून पडले की यापुढे महाराजांची भूमिका करणार नाही असे त्यांनी जाहीर केले. एका शाळकरी मुलाचे नाव, आणि त्यावर मत देणारे हजारो. त्यातल्या एकालाही त्या मुलाला कधी जेवायला हाक मारायची नव्हती. ज्यांच्या मुखात ते नाव रोज यायचे आहे त्यांच्या मताची गोष्ट वेगळी. आजीचे मत त्यातले.

आपल्या भागात नावे बदलण्याचा एक जुना इतिहासही आहे आणि तो ज्येष्ठ मंडळींना ठाऊक आहे. घरी एक नाव, शाळेच्या हजेरीपटावर दुसरे. मास्तरांना माडिया नाव उच्चारता आले नाही किंवा आवडले नाही, तर ते आपल्या पसंतीचे लिहीत. दानीएलच्या पुस्तकाच्या आरंभी बाबेलच्या दरबारात चार यहुदी मुलांचे असेच होते. दानीएलचा बेल्टशस्सर होतो, त्याच्या तिघा सोबत्यांचे शद्रख, मेशख, अबेद्नगो होतात. नवी नावे देणारा अधिकारी काही दुष्ट नव्हता. पुढे तो त्यांच्याशी दयेनेच वागतो. पण त्याने त्यांना विचारले नव्हते. मुलांनी राजाचे अन्न नाकारले, नावे मात्र नाकारता आली नाहीत. आम्ही 'अंतोन' लिहिले तेव्हा आम्हीही त्याच खुर्चीत बसलो होतो.

आणि आता कोणी बाहेरचा मास्तर किंवा फादर नाव बदलत नाही, बापच बदलतो आहे. हे आम्हांला जास्त लागले.

आम्ही त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अगदी व्यवहाराची. "अरे, आडनाव राहणारच ना?" त्यावर त्याला हसू आले. आपली आडनावे गडचिरोली-चंद्रपूरची ओळख सांगतातच. पहिले नाव कितीही कोरे असले तरी पुढच्या शब्दाला दार उघडते. आणि ओळख पुसून मान मिळतो असेही नाही. पेशाने वकील असलेले भामरागड तालुक्यातले लालसू नोगोटी याच नावाने गडचिरोली जिल्हा परिषदेवर निवडून गेले. त्यांना नाव बदलावे लागले नाही.

दुसरी गोष्ट राहेलची. उत्पत्तीच्या ३५ व्या अध्यायात बेथलेहेमच्या वाटेवर राहेलला कळा लागतात. मुलगा होतो, पण तिचा जीव जातो. शेवटच्या श्वासात ती बाळाला बेनओनी म्हणते, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र. याकोबाचे राहेलवर किती प्रेम होते हे आपल्याला माहीत आहे. तिच्यासाठी त्याने चौदा वर्षे राबणूक केली. तरी तिचे हे शेवटचे मागणे तो पाळत नाही. तो मुलाचे नाव बन्यामीन ठेवतो, उजव्या हाताचा पुत्र. आईचे दुःख खरे होते. पण ते त्या पोराने जन्मभर कपाळावर का वागवावे?

"तुझा अपमान झाला तो खरा," आम्ही त्याला म्हणालो. "पण तू पोराला नाव देतो आहेस, की तुझा हॉस्टेलमधला अपमान देतो आहेस, ते मात्र बघ. नाव कोणतेही ठेव. तुझ्या बापाच्या नावाची लाज मात्र त्याला शिकवू नकोस."

हे बोलून झाल्यावर आम्हांलाच वाटले की जरा जास्त झाले. तो काही बोलला नाही.

प्रेम आणि नाव यांचा हिशेब कधी उलटासुलटा असतो हेही येथे सांगितले पाहिजे. आपल्याकडे मुले जगत नसत तेव्हा जन्मलेल्याचे नाव दगडू, धोंडू, कचरू असे ठेवत. दृष्ट लागू नये, मृत्यूने ढुंकूनही पाहू नये म्हणून. ऐकायला ओबडधोबड, पण त्यामागे आईचा जीव टांगलेला असे. दुसरीकडे सातारा जिल्ह्यात किती मुलींचे नाव 'नकुशा' होते! नको असलेली. २२ ऑक्टोबर २०११ रोजी तिथे एका समारंभात २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्या दिवशी नावे बदलणे हेच न्यायाचे काम होते. जुने म्हणून राखावे आणि नवे म्हणून टाकावे, असा सरळ नियम आम्हांला तरी सापडलेला नाही.

मे २०२५ मध्ये पोपपदी निवडले गेल्यावर रॉबर्ट प्रीव्होस्ट यांनी लिओ हे नाव घेतले आणि कामगारांच्या प्रश्नावर १८९१ मध्ये परिपत्रक काढणाऱ्या तेराव्या लिओंची आठवण त्यामागे आहे हेही सांगितले. तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. स्वतःचे नाव, स्वतःची निवड, स्वतःचे कारण. दोन महिन्यांच्या बाळाला यातले काहीच करता येत नाही. त्याला नाव परत करता येत नाही, कुरकुरही करता येत नाही. फार तर रडता येते, आणि ते आपण भुकेचे समजतो.

बाप्तिस्म्याच्या विधीत दारापाशी पहिला प्रश्न कोणता असतो, आठवते? या बाळाचे नाव काय ठेवले आहे? पाणी नंतर, तेल नंतर, आधी नाव. प्रिन्स्टनला १९७० साली दिलेल्या व्याख्यानांत सॉल क्रिपके या तत्त्वज्ञांनी नाव कसे चालते ते सांगताना आपलाच शब्द उचलला, बाप्तिस्मा. ते स्वतः यहुदी. त्यांचे म्हणणे असे, की सुरुवातीला कोणीतरी नाव देतो, त्याने ते घेतले की ऐकणारा ते उचलतो, त्याच्याकडून तिसरा, आणि अशा साखळीने ते त्या एकाच माणसापर्यंत पोहोचत राहते. मिलच्या खडूपेक्षा आम्हांला ही साखळी जवळची वाटते. आलापल्लीत ती साखळी मराठीतून सुरू होते, माडियात जाते, तेलुगूत वळते, बाजारात हिंदी होते, आणि वाटेत नावाची थोडी मोडतोड होणारच. ज्या घरी दिवसभर बाळ आजीच्या मांडीवर असते, तिथे साखळीची पहिली कडी आजीच. तिच्या जिभेवर नाव बसले नाही तर ते पुढे जाणार कसे?

तिसऱ्या वेळी तिघेही आले. अर्जावरचे नाव तेच होते, 'आंश' वाले. जन्मनोंद आधीच त्या नावाने झालेली आहे आणि ते दोघे त्यावर ठाम आहेत. आम्ही काही बोललो नाही. आजींनीच पदर सावरत सांगितले, "तुमी लिवा का लिवाचा ते. मी तं त्याले त्याच्या आज्याच्याच नावानं हाक मारीन."

आम्ही मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "मार ना आई. मी कुठे नाही म्हणतो?" आणि त्याने बापाचे नाव आमच्यासमोर मोठ्याने घेतले, बाळाकडे बघून. बाळ झोपलेले होते.

वहीत या वेळी आम्ही आईवडिलांनी दिले तेवढेच लिहिणार आहोत.

जाता जाता बाप्तिस्म्यासाठी येणाऱ्या पालकांना दोन सूचना. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट अशा कामांना जन्मदाखला हाच जन्माचा मुख्य पुरावा झाला आहे. म्हणून अर्ज भरताना जन्मदाखल्याची प्रत आणावी आणि नाव अक्षर न् अक्षर तसेच लिहावे. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनाच्या नियमाप्रमाणे बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम आहे. आईचे नाव राहून जाऊ देऊ नये. येत्या रविवारी मिस्सानंतर बाप्तिस्मा आहे. पुढचा बाक आजींसाठी ठेवावा.

ख्रिस्तात तुमचे,
धर्मगुरू